बोलून फोन लावणं आणि मेनूचे आकडे आपोआप दाबणं: घरातला फोन नीट तयार करायची पद्धत

अर्धांगवायूनंतर नानांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, उजव्या हातात ताकद परत आली, पण बोटांची सफाई आली नाही. काचेवर एका नावावर बोट ठेवायला जातात आणि शेजारच्याच नावाला फोन लागतो. एवढ्यावर निभावलं असतं. खरी कुचंबणा मेनूची होती. एका ठिकाणी त्यांना महिन्यातून दोनदा तरी फोन करावा लागे. आधी भाषेसाठी आकडा, मग कामासाठी आकडा, मग बारा आकडी ग्राहक क्रमांक. सहावा-सातवा आकडा दाबेपर्यंत पलीकडून आवाज यायचा, "आपण कोणताही पर्याय निवडलेला नाही." एका दुपारी असं सलग चार वेळा झालं. त्यांनी फोन उशीवर उपडा ठेवला आणि म्हणाले, "आता तूच करत जा गं हे सगळं." चाळीस वर्षं स्वतःचे व्यवहार स्वतः पाहिलेल्या माणसाच्या तोंडी ते वाक्य मला ऐकवलं नाही.

आज ते दोन्ही कामं स्वतः करतात. त्यासाठी नवा फोन घेतला नाही, पैसे देऊन कुठलं ॲप घेतलं नाही. तीन-चार संध्याकाळी बसून फोनची तयारी केली. ती कशी केली ते क्रमाने सांगते. डोळे अधू असलेल्यांना, हात कापणाऱ्यांना, दिवसभर गाडीवर असणाऱ्यांना आणि ऑफिसच्या एक्स्टेन्शनवर रोज फोन करणाऱ्यांनाही हे उपयोगी पडेल.

पहिलं काम: नावांची यादी

लोक थेट सेटिंग उघडतात आणि तिथेच फसतात. फोनला तुमचा आवाज बहुतेक वेळा नीट कळतो. अडतं ते पुढे, कारण ऐकलेलं नाव तो तुमच्या यादीत शोधतो आणि यादीत भलतंच काहीतरी लिहिलेलं असतं. नानांच्या फोनमध्ये "पाटील नवीन", "पाटील २", "पाटील लाईट" आणि नुसते "पाटील" असे चार जण होते. "पाटलांना फोन लाव" म्हटल्यावर बिचाऱ्या फोनने कुणाला लावायचा?

एक संध्याकाळ काढा आणि ज्यांना खरोखर फोन होतो अशी पंधरा-वीस नावं निवडा. सगळी तीनशे नावं साफ करायची गरज नाही. या निवडक नावांना घरात आपण जे म्हणतो तेच नाव द्या. मराठी घरात माणसाला गावावरून ओळखायची सवय असतेच, ती इथे फार कामाला येते: "कोल्हापूरची आत्या", "मिरजेचे डॉक्टर", "वायरमन गणेश". ज्याला फोन करायचा त्याने ते नाव स्वतः उच्चारायचं आणि आपण तसंच लिहायचं. मी "संजयदादा" लिहिलं होतं. नाना त्याला "संजू" म्हणतात, हे मला आयुष्यभर माहीत असूनही लिहिताना सुचलं नाही.

नुसतं "मामा", "मामी", "काका", "काकी" ठेवू नका. शेवटच्या एका स्वरावर फरक असलेले शब्द यंत्र हमखास गोंधळवतं. "शरदमामा" आणि "निगडीची मामी" केलं की प्रश्न मिटतो. नावापुढची फुलं, हृदयं, देवाचे हात जोडलेले चित्र काढून टाका. यादीत वर यावं म्हणून सुरुवातीला घातलेले तीन-तीन "ए" पण काढा. एकाच माणसाच्या दोन-तीन नोंदी असतील तर एकत्र करा, नाहीतर प्रत्येक वेळी "कोणता नंबर?" असा उलट प्रश्न येईल. एकाच नोंदीत दोन नंबर असतील तर नेहमीचा नंबर मूळ नंबर म्हणून ठरवून टाका. नंबरावर बोट दाबून धरलं की बऱ्याच फोनवर तो पर्याय येतो.

फोनमधल्या बोलत्या मदतनिसाची, म्हणजे गूगल असिस्टंट किंवा सिरीची, भाषा मराठी ठेवणार असाल तर नावं देवनागरीत लिहा. इंग्रजी ठेवणार असाल तर रोमन लिपीत लिहा, पण स्पेलिंग उच्चाराला धरून ठेवा. नंबर मात्र कायम डायल पॅडच्या आकड्यांनीच भरा, मराठी कीबोर्डच्या आकड्यांनी नको.

नंबर लिहायची पद्धत

मोबाईल नंबर +९१ लावून दहा आकडी लिहा. परदेशात मुलाकडे गेल्यावर तोच नंबर तसाच लागतो, एकही नोंद बदलावी लागत नाही. लँडलाईन असेल तर एसटीडी कोड हवाच. मुंबई ०२२, पुणे ०२०, सांगली ०२३३, नाशिक ०२५३, नागपूर ०७१२, गोवा ०८३२. +९१ लावलंत की मधलं शून्य गाळायचं: पुण्याचा नंबर +९१ २० असा सुरू होईल. गावातलाच लँडलाईन नंबर म्हणून नुसते शेवटचे आकडे साठवलेले असतात आणि मोबाईलवरून तो लागत नाही. जुन्या डायरीतून उतरवलेल्या नंबरांत ही चूक फार दिसते. उलट घरच्या लँडलाईनवरून मोबाईलला फोन करताना जानेवारी २०२१ पासून आधी शून्य लावावं लागतं, तेही लक्षात असू द्या.

आता आवाज

अँड्रॉइड फोनवर गूगल ॲप उघडा, आपल्या फोटोवर टिचकी मारा, सेटिंगमध्ये जा आणि गूगल असिस्टंट निवडा. तिथे भाषांमध्ये मराठी जोडा. २०१८ पासून असिस्टंट मराठी बोलतो. मग "हे गूगल"ची ओळख करून द्या: फोन काही वाक्यं म्हणायला सांगतो आणि आवाज लक्षात ठेवतो. ही वाक्यं ज्याचा फोन त्यानेच म्हणायची. "थांबा, मी करून देते" असं म्हणत मुलगी-सून आपल्याच आवाजात नोंद करून ठेवते आणि नंतर फोन म्हाताऱ्या माणसाच्या हाकेला ओ देत नाही. नानांची जीभ अजून किंचित जड आहे. आम्ही सकाळी, चहानंतर, पंखा बंद करून नोंद केली. तेव्हा त्यांचा आवाज सगळ्यात मोकळा असतो.

नव्या फोनवर असिस्टंटच्या जागी जेमिनाय हा गूगलचाच नवा मदतनीस येतो आहे. बोलायची वाक्यं तीच. फक्त त्याच्या सेटिंगमध्ये फोन या ॲपशी जोडणी चालू आहे का, आणि लॉक असताना फोन लावायची परवानगी दिली आहे का, हे दोन्ही पाहा. कंपनीनुसार मेनूतली जागा इकडेतिकडे असते. सापडलं नाही तर सेटिंगच्या वरच्या शोधपट्टीत "असिस्टंट" किंवा "लॉक स्क्रीन" लिहा.

आयफोनवर सेटिंगमधून सिरी उघडा, "हे सिरी" चालू करा आणि लॉक असतानाची परवानगी द्या. २०२३ मध्ये आलेल्या आयओएस १७ पासून भारतात इंग्रजीत मराठी मिसळून बोललेलं सिरीला समजतं. नाती शिकवायचीही सोय आहे: आपल्या स्वतःच्या नोंदीत नातेवाइकांची नावं भरली की "माझ्या बहिणीला" म्हटलं तरी चालतं.

दोन सिमकार्डं असतील तर सिमच्या सेटिंगमध्ये कॉलसाठी एक सिम कायमचं ठरवा. हे राहिलं तर सगळं बोलून झाल्यावर पडद्यावर "कोणत्या सिमने?" असा प्रश्न येतो आणि ज्याला पडदा दिसत नाही किंवा बोट चालत नाही तो तिथेच अडकतो. नानांचे पहिले दोन दिवस यातच गेले.

बोलताना पूर्ण वाक्य बोला. "हे गूगल" म्हणा, क्षणभर थांबा, मग "मिरजेच्या डॉक्टरांना फोन लाव." नुसतं नाव उच्चारलं तर फोन इंटरनेटवर शोधत बसतो. स्पीकरवर हवा असेल तर "स्पीकरवर फोन लाव" म्हणून पाहा. यासाठी बहुतेक फोनना इंटरनेट चालू लागतं, त्यामुळे डेटा बंद ठेवायची सवय असलेल्यांना तसं सांगून ठेवा.

यादीत नसलेला नंबर बोलून लावायचा असेल तर एकेक आकडा सुटा म्हणा. आपण मराठीत नंबर जोडीने सांगतो: अठ्ठ्याण्णव, बावीस, एकोणऐंशी. माणसांचीच यात गल्लत होते, एकोणऐंशी आणि एकोणनव्वद, सत्त्याऐंशी आणि सत्त्याण्णव. यंत्राची तर होणारच. "नऊ, आठ, दोन, दोन, सात, नऊ" असं सरळ म्हणा, "डबल नऊ"सुद्धा नको.

फोन ठेवायचा कसा, हे कुणी सांगतच नाही. बोट लाल बटणावर नेमकं पडत नसेल तर अँड्रॉइडच्या ॲक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये पॉवर बटणाने कॉल संपवायची सोय आहे, ती चालू करा. आयओएस १६ पासून सिरीला सांगूनही फोन ठेवता येतो, तेही सेटिंगमधून चालू करावं लागतं. येणाऱ्या फोनवर कोणाचं नाव आहे ते मोठ्याने सांगायची सोय दोन्हीकडे आहे. नानांना ती सगळ्यात जास्त आवडली.

गाडीवर असाल तर ब्लूटूथ हेडसेटचं किंवा गाडीच्या स्टिअरिंगवरचं बटण दाबून धरलं की हाच मदतनीस जागा होतो. चालत्या गाडीत फोन हातात धरून बोलण्यावर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ खाली कारवाई होते. तरी माझं मत विचाराल तर घाटात आणि गर्दीत बोलून लावलेला फोनही नको.

मेनूचे आकडे आपोआप

आता नानांच्या त्या बारा आकड्यांकडे येऊ. आपण फोन चालू असताना कळ दाबतो तेव्हा पलीकडे एक सूर जातो. खरं तर दोन सूर एकत्र: एक त्या कळीच्या आडव्या ओळीचा, एक उभ्या ओळीचा. पाच दाबलं की ७७० आणि १३३६ हर्ट्झचे सूर मिळून जातात आणि पलीकडचं यंत्र त्यावरून "पाच" ओळखतं. ही पद्धत अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात १९६३ साली ग्राहकांसाठी सुरू झाली आणि अजून जगभर तीच चालते. सूर बोटाने पाठवला की फोनने स्वतः पाठवला, पलीकडच्या यंत्राला त्याने काही फरक पडत नाही. त्यामुळे हे आकडे आधीच नंबरापुढे लिहून ठेवता येतात.

त्यासाठी दोन खुणा लागतात. स्वल्पविराम ( , ) म्हणजे दोन सेकंद थांबून पुढचे आकडे आपोआप पाठव. अर्धविराम ( ; ) म्हणजे थांब, मी सांगेन तेव्हाच पुढचे आकडे पाठव. जास्त थांबायचं असेल तर स्वल्पविराम हवे तितके लिहा, तीन लिहिले की सहा सेकंद.

अँड्रॉइडवर नोंदीच्या नंबराच्या रकान्यात कीबोर्डवरची तारा-हॅशची कळ दाबली की "पॉज" आणि "वेट" असे पर्याय दिसतात. डायल पॅडवरून करायचं तर नंबर टाकून तीन टिंबांच्या मेनूत तेच पर्याय असतात. आयफोनवर नोंदीत तारा-हॅशच्या कळीमागे ते सापडतात, आणि डायल पॅडवर तारा दाबून धरली की स्वल्पविराम, हॅश दाबून धरलं की अर्धविराम येतो. नोकियाच्या साध्या बटणांच्या फोनवर तारेची कळ पटापट दाबत गेलं की आधी +, मग पी, मग डब्ल्यू येतं. पी म्हणजे थोडं थांब, डब्ल्यू म्हणजे वाट पाहा.

प्रत्यक्ष करायची रीत अशी. आधी कागद, पेन आणि सेकंदकाटा असलेलं घड्याळ घेऊन बसा आणि तो फोन स्वतः एकदा लावा. पलीकडून उचलल्यापासून मोजा: स्वागत किती सेकंद, भाषेचा आकडा कोणता, तो दाबल्यावर पुढची सूचना किती वेळाने येते, क्रमांक टाकल्यावर शेवटी हॅश दाबायला सांगतात का. आमच्या कागदावर असं उतरलं होतं:

उचलल्यावर सात सेकंद स्वागत, मराठीला २, मग पाच सेकंद, तक्रारीला १, मग चार-पाच सेकंद, बारा आकडी क्रमांक, शेवटी हॅश.

त्यावरून नोंदीत लिहिलं:

मूळ नंबर,,,,२,,,१,,,ग्राहक क्रमांक#

सात सेकंदांसाठी चार स्वल्पविराम, म्हणजे आठ सेकंद. नेहमी वरच्या बाजूला मोजा. सूचना संपायच्या आधी सूर गेला तर काही यंत्रं तो ऐकतच नाहीत आणि मग मागचे सगळे आकडे चुकीच्या प्रश्नाला जाऊन पडतात. पहिल्या खेपेला आमचं तेच झालं: ग्राहक क्रमांकाचे पहिले दोन आकडे गिळले गेले. एक स्वल्पविराम वाढवला आणि जमलं. दोन-तीन वेळा चाचणी लागेल, असं धरूनच चाला.

स्वल्पविराम कधी आणि अर्धविराम कधी? मेनूची चाल दर वेळी सारखी असेल तर स्वल्पविराम. मध्ये कधी जाहिरात लागते, कधी रांगेत थांबवतात, अशा ठिकाणी अर्धविराम. अर्धविरामाशी पोचला की फोन पडद्यावर विचारतो, पुढचे आकडे पाठवू का? होकार दिला की सगळे आकडे एकदम जातात. तुमचं बोट हळू असलं तरी एकाच मोठ्या बटणावर टेकवायचं असतं. नानांच्या नोंदीत आम्ही शेवटी मिश्रण ठेवलं: भाषा आणि काम स्वल्पविरामाने, ग्राहक क्रमांकाच्या आधी अर्धविराम. सूचना ऐकून, नीट दमाने ते होकाराचं बटण दाबतात.

ही नोंद मूळ नंबरापासून वेगळी ठेवा आणि तिला बोलायला सोपं नाव द्या, "लाईटची तक्रार" किंवा "गॅस नोंदणी" असं. आता ही दोन्ही कामं एकत्र येतात: "लाईटच्या तक्रारीला फोन लाव" म्हटलं की नंबर लागतो, आकडे जातात आणि माणूस थेट योग्य जागी पोचतो. मेनू मध्येच बदलला तर साधा नंबर हाताशी असतोच.

ऑफिस, हॉस्पिटल, कॉलेजच्या एक्स्टेन्शनसाठी तर हे सगळ्यात सोपं: बोर्डाचा नंबर, दोन-तीन स्वल्पविराम, मग एक्स्टेन्शन. फोनवरून मीटिंगला जोडून घ्यायचं तर मीटिंगचा क्रमांक आणि हॅश असाच लिहिता येतो. शेतकऱ्यांच्या घरात किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ नोंदवून ठेवा, निदान बोलून तरी लागेल.

घरी अजून बटणांची जुनी लँडलाईन असेल आणि मेनू आकडे ऐकत नसेल तर फोनच्या बाजूला किंवा खाली पी-टी अशी छोटी कळ शोधा. ती पीवर असेल तर सूर जात नाहीत, टीवर सरकवा.

काय लिहून ठेवायचं नाही

ग्राहक क्रमांक, एक्स्टेन्शन, भाषेचा आकडा चालेल. एटीएमचा पिन, फोन बँकिंगचा पिन, कार्डाचा नंबर, सीव्हीव्ही कधीही नोंदीत लिहू नका. नावांची यादी तुमच्या खात्यावर जाते, दुसऱ्या फोनवर उतरते, आणि निम्मी ॲप्स ती वाचायची परवानगी मागून बसलेली असतात. पिन लागेल तिथे अर्धविरामापर्यंतच नोंद ठेवा, पुढचं हाताने दाबा.

"अमुक बँकेच्या कस्टमर केअरला फोन लाव" असं मदतनिसाला कधी सांगू नका. यादीत नाव नसेल तर तो इंटरनेटवरचा नंबर उचलू शकतो आणि खोटे कस्टमर केअर नंबर तिथे भामट्यांनी पेरून ठेवलेले असतात. पासबुकावरचा किंवा कार्डाच्या मागचा नंबर पाहून आधीच नोंद करा. बाकी फसवणूक झालीच तर १९३० हा नंबरही यादीत असू द्या.

कुणी अनोळखी माणूस *२१* किंवा *४०१* ने सुरू होणारा नंबर लावायला सांगत असेल तर लावू नका. त्याने तुमचे फोन त्याच्याकडे वळतात, ओटीपीचे फोनसुद्धा. शंका आली तर *#२१# लावून फोन कुठे वळवले आहेत ते पाहा, ##००२# ने सगळी वळवणी रद्द होते.

लॉक असताना बोलून फोन लावायची परवानगी दिली की घरातलं कुणीही तो लावू शकतं, हे खरं आहे. नानांसारख्यांसाठी मी ती ठेवते, कारण बाथरूममध्ये पाय घसरला तर पासवर्ड टाकायला हात मोकळा असेलच असं नाही. माझ्या स्वतःच्या फोनवर ती बंद आहे. ११२ ला बोलून फोन कसा लावायचा ते प्रत्येकाला तोंडाने शिकवा, पण चाचणी म्हणून लावू नका. त्याऐवजी शेजाऱ्यांचा नंबर लावून बघा.

शिकवण्याबद्दल एक. एका दिवशी एकच गोष्ट शिकवा. पहिल्या दिवशी फक्त एका माणसाला फोन, तोही ज्याच्याशी बोलायला आवडतं त्याला. नानांनी पहिला फोन मिरजेच्या डॉक्टरांना नाही, संजूला लावला. फोन टेबलावर ठेवला, हात मांडीवर, आणि म्हणाले, "हे गूगल, संजूला फोन लाव." रिंग वाजायला लागली तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि तोंडावर बोट ठेवून मला गप्प राहायची खूण केली.

फोन बदलला की नावं आणि स्वल्पविराम खात्यावरून नव्या फोनवर येतात, पण आवाजाची ओळख, सिमची निवड आणि लॉकची परवानगी पुन्हा करावी लागते. ती यादी मी कपाटाच्या दाराला आतून चिकटवली आहे, आणि मेनूचा कागदही तिथेच आहे, सेकंदांसकट.